चंद्र फ्रीजकडून उगवतो

चंद्र कुठून उगवतो, या प्रश्नावरून त्या घरात रविवारी सकाळी जी ठिणगी पडली, ती दुपारी सोफा जागचा हलल्याशिवाय विझली नाही.

कारण साधं होतं. भिंगरीच्या शाळेचं नाटक पुढच्या शनिवारी होतं आणि भिंगरी त्यात चंद्र होती. भिंगरी हे तिचं घरातलं नाव. एका जागी ठरत नाही म्हणून आजीने ठेवलेलं. रंगमंचावर मात्र या भिंगरीचा खांब व्हायचा. गेल्या वर्षी ती पावसाचा थेंब होती. पडदा उघडला, समोर माणसं दिसली आणि थेंबाने जी पाठ फिरवली ती पडदा पडेपर्यंत. फोटोंत नुसती वेणी आली. लोक हसले. त्यानंतर कितीतरी दिवस घरी पाहुणे आले की भिंगरी स्वयंपाकघरात ओट्याखाली जाऊन बसायची. का, तर "ते हसतील."

अशा मुलीने यंदा वर्गात आपणहून हात वर करून चंद्राचं काम मागून घेतलं. तेव्हापासून तिच्या आईचा जीव टांगणीला लागला होता. या वेळी काही फिसकटलं तर पोरगी पुन्हा म्हणून चार माणसांसमोर उभी राहणार नाही, हे तिने मनाशी पक्कं धरलं होतं. काही फिसकटू द्यायचं नाही, हेही.

आणि तशात नाटकाच्या बाईंनी पालकांच्या ग्रुपवर आपल्या आवाजात निरोप सोडला : "चंद्राची एंट्री अप राईट. क्रॉस करून डाऊन सेंटर. वाक्य. एक्झिट लेफ्ट. त्याआधी सूर्याची एक्झिट, डाऊन लेफ्ट. घरी सराव करून घ्या."

"यातलं मला फक्त 'वाक्य' कळलं," भिंगरीची आई म्हणाली.

"त्यात काय एवढं?" पेपरातून डोकं न काढता बाबा म्हणाला. "अप म्हणजे वर. चंद्र वरच असतो."

"म्हणजे स्टुलावर उभं करायचं?"

"स्टुलावर कर, माळ्यावर कर."

"आणि माळ्यावरून क्रॉस कशी करेल ती? पडली म्हणजे?"

"मग बाईंना विचार."

"म्हणजे उद्या त्या सगळ्यांसमोर म्हणणार, चंद्राच्या आईला एवढंही कळत नाही. तूच बघ शोधून."

बाबाने उसासा टाकून पेपर ठेवला आणि फोन उचलला. थोड्या वेळाने त्याचा चेहरा नव्याने शहाण्या झालेल्या माणसासारखा झाला. अप म्हणजे रंगमंचाची मागची बाजू, मागच्या पडद्याकडची. डाऊन म्हणजे पुढची, प्रेक्षकांकडची. क्रॉस म्हणजे नटाने एका जागेवरून दुसरीकडे चालत जाणं. एवढं हाती लागल्यावर मग त्याच्यातला दिग्दर्शक जागा व्हायला वेळ लागला नाही.

"हे बघ. आपण सोफ्यावर बसलो, आपण प्रेक्षक. समोर टीव्हीची भिंत, ती अप. टीपॉय आहे ते डाऊन सेंटर. उजव्या हाताला फ्रीज, डाव्या हाताला चपलांचं कपाट. चंद्र फ्रीजकडून येणार, टीपॉयपाशी वाक्य म्हणणार, कपाटाकडे जाणार. संपलं."

स्वयंपाकघर लहान म्हणून त्यांचा फ्रीज बाहेरच्या खोलीत होता. आजवर येणारा-जाणारा प्रत्येकजण त्याबद्दल काहीतरी बोलून जायचा. त्या दिवशी प्रथमच त्याचं सार्थक झालं. कारण भिंगरीला उजवं-डावं विचारलं की ती आधी जेवायचा हात आठवायची, आणि तोवर दुसऱ्याच कुणाची एंट्री व्हायची. फ्रीज आणि कपाट मात्र तिला झोपेतही कळलं असतं. दुपारपर्यंत चंद्र फ्रीजपाशी उगवून कपाटापाशी बिनचूक मावळायला लागला. वाक्यही खणखणीत यायचं : "सूर्यदादा घरी गेले. आता मी आहे!"

भिंगरीच्या आईला आठवड्यात पहिल्यांदा भूक लागली.

तेवढ्यात बहिणीकडे गेलेली आजी परत आली. पिशवी हातातच धरून तिने दारातून एक उगवणं आणि एक मावळणं पाहिलं.

"छान. पण उलट्या बाजूने उगवतोय."

आजीने कॉलेजात असताना नाटकांत कामं केली होती. हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते विसरू द्यायची तिची तयारी नव्हती.

"आई, उजवीकडूनच तर येतेय ती," बाबा म्हणाला.

"तुझ्या उजवीकडून. तुला विचारतंय कोण? रंगमंचावर उजवं म्हणजे नटाचं उजवं. नटाने प्रेक्षकांकडे तोंड केलं की त्याचा उजवा हात जिकडे, ते राईट."

"असं कसं? तिकीट प्रेक्षक काढतो. त्याचं उजवं नको धरायला?"

"प्रेक्षक एकदा येतो आणि घरी जातो. नटाला रोज तिथेच उभं राहायचंय. आणि अप का म्हणतात तेही ऐकून घे. पूर्वी काही ठिकाणी रंगमंच मागे चढता असायचा, मागच्याचंही तोंड दिसावं म्हणून. मागे गेलं की खरंच वर जायचं माणूस. स्टूल नाही लागायचं."

"स्टुलाचं तुम्हाला कुणी सांगितलं?" भिंगरीच्या आईने विचारलं.

"सकाळी निघताना जिन्यात ऐकू येत होतं."

भिंगरीच्या आईची भूक मेली. आता पोरीला सांगायचं काय? तिने भिंगरीला जवळ घेऊन हळूच म्हटलं, "राणी, आपण ना, आता कपाटाकडून येऊन बघायचं का?"

"नाही. चंद्र फ्रीजकडून उगवतो."

"अगं, पण आता…"

"तूच म्हणालीस!" आणि तिचा खालचा ओठ किंचित पुढे आला. गेल्या वर्षी पाठ फिरवण्याआधी अगदी असाच आला होता.

त्या ओठाने निर्णय झाला. चंद्राची बाजू बदलायची नाही. प्रेक्षकच बदलायचे.

"म्हणजे?" बाबाने घाबरून विचारलं.

"म्हणजे सोफा समोरच्या भिंतीला लावायचा," भिंगरीची आई म्हणाली. "आपण तिकडे तोंड करून बसतो ते इकडे करून बसू. मग तिने आपल्याकडे तोंड केलं की फ्रीज तिच्या उजव्या हाताला येतो. ऊठ."

"समोरच्या भिंतीला टीव्ही आहे."

"टीव्ही तिथेच राहील. सोफा त्याच्याखाली येईल."

"मग टीव्ही बघायचा कसा?"

"एक आठवडा नाही बघितला तर काय आभाळ कोसळणार आहे?"

आभाळ कोसळलं नाही, पण आवाज तसाच झाला. सोफ्याचा पाय फरशीवर किंचाळला, टीपॉय लोटताना त्याच्यावरचा तांब्या गडगडत गेला आणि शेवटी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरची बाई उभी होती. तिचा मुलगा भिंगरीच्याच वर्गात, नाटकात सूर्य. त्यामुळे हल्ली तिला सगळे सूर्याची आई म्हणत.

"चाललंय काय तुमच्याकडे?"

"चंद्र उगवतोय," भिंगरीची आई धापा टाकत म्हणाली.

"हळू उगवू दे की! माझा सूर्य आत्ता कुठे झोपलाय." मग तिचं लक्ष टीव्हीकडे पाठ करून मांडलेल्या सोफ्याकडे गेलं. "हे असं का?"

भिंगरीच्या आईने नटाचं उजवं आणि प्रेक्षकाचं उजवं समजावून सांगितलं. सूर्याच्या आईचा चेहरा पडला.

"अगंबाई. म्हणजे माझा सकाळपासून उलटाच मावळतोय."

ती घाईघाईने खाली गेली, आणि थोड्याच वेळात खालूनही फर्निचर ओढल्याचा आवाज यायला लागला. संध्याकाळपर्यंत ही बातमी ग्रुपवर पोचली. वारा, ढग आणि घुबड यांच्या घरी भांडणं लागली. पोपटाच्या वडिलांनी विचारलं, "फायनल काय ते सांगा, आमची शोकेस भिंतीत ठोकलेली आहे." शेवटी नाटकाच्या बाईंचा कातावलेला आवाज आला, "नटाचं उजवं! नटाचं! आणि कृपा करून मुलांना घरी काही नवीन शिकवू नका."

"बघ," आजी म्हणाली. त्या एका शब्दावर ती पुढचे दोन दिवस खूश होती.

तो आठवडा घराने रंगमंचावरच काढला. बाबा न्हाणीघरातून ओरडायचा, "टॉवेल कुठाय?" आणि बाहेरून उत्तर यायचं, "अप लेफ्ट, खुंटीला." आजी म्हणायची, "डाऊन सेंटरला पाय पसरून बसू नकोस, चंद्राचा मार्ग आहे तो." बाबा सोफ्यावर उलटा गुडघ्यांवर बसून, पाठीवर हनुवटी टेकून बातम्या बघायचा. बुधवारी त्याची मान एका बाजूला राहिली ती राहिलीच. कचेरीत कुणी हाक मारली की तो आता अख्खा वळायचा.

शुक्रवारी शाळेने मुलांना नाट्यगृहात नेऊन तालीम घेतली. भिंगरी घरी आली ती दप्तर टाकून म्हणाली, "आई, तिथे फ्रीज नाहीये."

एवढी सगळी उलथापालथ करून हा साधा मुद्दा कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. भिंगरीच्या आईने डोक्याला हात लावला. पण आता हार मानायची वेळ नव्हती. तिने फ्रीजच्या दारावरचं लाल ढालकिड्याचं चुंबक काढलं आणि म्हणाली, "हे मी खांद्याला लावून उभी राहीन. मी जिथे, तिथे फ्रीज. माझ्यापासून निघायचं आणि समोर चालत जायचं. कळलं?"

"पण बाईंनी ना…"

"बाईंचं नंतर. मी कोण?"

"फ्रीज."

"शाब्बास."

कपडेपट सांभाळायला पालक हवेत म्हटल्यावर भिंगरीच्या आईने सर्वांत आधी नाव दिलं होतं. शनिवारी ती पडद्यामागे शिरली तेव्हा अंधुक उजेड होता. रंगमंचाच्या मधोमध उभी राहून तिने मनाशी पाढा म्हटला : प्रेक्षकांकडे तोंड. माझा उजवा हात. ते राईट. प्रेक्षकांपासून लांब, ते अप. एका बाजूला काळा पडदा होता, दुसऱ्या बाजूला तपकिरी. दोन्ही बंद. प्रेक्षक कुठल्या पडद्यापलीकडे? तिने कान दिला. काळ्या पडद्यामागून खुर्च्यांचे आवाज, हसणं, खाकरणं, "ए सरक ना" असा मोठा गलका येत होता. म्हणजे तिकडे. तिने काळ्या पडद्याकडे तोंड केलं, उजव्या हाताची बाजू धरली, त्या पडद्यापासून सर्वांत लांबची विंग गाठली, चुंबक पिनेने खांद्याला टाचलं आणि निश्चिंत झाली.

काळ्या पडद्यामागे पुढच्या नाटुकल्याची मुलं आपल्या पाळीची वाट बघत बसली होती.

चंद्र तिच्याजवळ आला. पुठ्ठ्याची भलीमोठी रुपेरी थाळी छातीवर, मागे दोऱ्यांनी बांधलेली. त्याने खांद्यावरचं चुंबक पाहिलं, मग समोरच्या लांबच्या विंगेकडे पाहिलं. तिथे नाटकाच्या बाई दोन्ही हातांनी कुणाला तरी बोलावत होत्या.

"आई, पण बाई तिकडे…"

"श्श. फ्रीज बोलत नसतो."

शेजारी उभ्या असलेल्या पोपटाच्या आईने चमकून पाहिलं. "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. घंटा झाली आणि तपकिरी पडदा उघडला. भिंगरीची आई जिला मागची बाजू समजून बसली होती, तिकडून एकदम झगझगीत उजेड आला. आणि उजेडापलीकडे माणसंच माणसं. तिसऱ्या रांगेत मान वाकडी केलेला एक गृहस्थ फोन धरून बसला होता.

तिच्या पायांखालची जमीन सरकली. उजवं डावं झालं होतं, वरचं खाली झालं होतं. ती मुलीला घेऊन उभी राहिली होती ती डाऊन लेफ्टला. म्हणजे बरोबर सूर्याच्या वाटेत.

"भिंगरी, चल! पलीकडे जायचंय, मागून पळत…" पण मागच्या वाटेवर पुढच्या नाटुकल्याचा अख्खा वर्ग मांडी घालून बसला होता. तोवर सूर्याने आपलं भाषण उरकलं आणि ऐटीत विंगेकडे चालत आला. त्याच्या आईने सगळ्या आठवड्याच्या कष्टाने त्याला अगदी अचूक मावळायला शिकवलं होतं.

"काकू, सरका. माझी एक्झिट आहे."

"अरे, जरा थांब ना राजा!"

"बाई म्हणाल्यात, कुणासाठी थांबायचं नाही."

आणि नेमकं त्याच क्षणी चंद्राचं संगीत सुरू झालं. भिंगरीला एवढंच पक्कं ठाऊक होतं : संगीत वाजलं की फ्रीजपासून निघायचं. ती निघाली.

विंगेची फट एक पुठ्ठा जाईल एवढी. दोघे समोरासमोर भिडले. सूर्याचा एक किरण चंद्राच्या दोरीत घुसला. तो म्हणाला, "सोड!" ती म्हणाली, "तू सोड!" त्याने आत ओढलं, तिने बाहेर ओढलं, आणि भिंगरीने आपलं नाव राखलं. दोघांनी एक गरगर फेरी घेतली आणि ती वरात सरळ रंगमंचाच्या मध्यावर, पुढे, अगदी डाऊन सेंटरला येऊन थांबली. पुढे चंद्र. मागे, पाठीला अडकलेला सूर्य. रुपेरी थाळीच्या चहूबाजूंनी सोनेरी किरण बाहेर आलेले.

सभागृहात हशा पिकला.

भिंगरीच्या आईने विंगेचा कपडा मुठीत धरला. पोरीचा खालचा ओठ पुढे आला. आता पाठ फिरवणार. आता ओट्याखाली. झालं, संपलं.

भिंगरीने पाठ फिरवायचा प्रयत्न केलाही. पण पाठीला सूर्य होता. तो हलेना. इकडे वळावं तर किरण टोचायचा, तिकडे वळावं तर दोरी ओढायची. तोंड लपवायला जागाच उरली नाही, तेव्हा तिने ते समोर केलं आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं ठणकावून म्हणाली :

"सूर्यदादा घरी गेले! आता मी आहे!"

"कुठे गेलो?" मागून चिडका आवाज आला. "तूच धरून ठेवलंयस!"

"मग जा ना!"

"आधी सोड ना!"

लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. चंद्र मात्र डगमगला नाही. त्याने ठरल्याप्रमाणे फ्रीजच्या समोरची दिशा धरली आणि तडफडणाऱ्या सूर्याला फरफटत चपलांच्या कपाटाकडे नेलं. म्हणजे नाटकाच्या बाईंच्या अंगावर.

पडदा पडल्यावर मुख्याध्यापक ध्वनिक्षेपकावर आले. डोळे पुसत म्हणाले, "सूर्यग्रहणाची कल्पना इतक्या सोप्या रीतीने मी कधी पाहिली नव्हती. चंद्र सूर्याच्या पुढे येतो आणि त्याला सोडत नाही! नाटकाच्या बाईंचं खास कौतुक." नाटकाच्या बाईंनी भिंगरीच्या आईकडे एकच कटाक्ष टाकला, आणि मग कौतुक नम्रपणे स्वीकारलं.

रिक्षात भिंगरी आईच्या मांडीवर बसली होती. आईने घाबरत घाबरत विचारलं, "लोक हसले ना गं थोडे?"

"थोडे नाही, खूप! माझ्यामुळे!" भिंगरीचे डोळे चमकत होते. मग तिने आईच्या खांद्यावरचं चुंबक काढून हातात घेतलं. "पण आई, फ्रीज चुकीच्या बाजूला उभा होता."

"तुला माहीत होतं?"

"काल बाईंनी दाखवलं होतं ना. जमिनीवर चिकटपट्टी पण लावलीये."

"मग सांगायचं नाही मला?"

"दोनदा सांगत होते. तू म्हणालीस, फ्रीज बोलत नसतो."

आजी खिडकीबाहेर बघू लागली. तिचे खांदे हलत होते.

घरी पोचल्यावर बाबाने आधी शर्टही न बदलता सोफा जागेवर आणला. टीव्ही लावला, पाय पसरले आणि कितीतरी दिवसांनी मान सरळ करून टेकला. त्याच्या तोंडून एक तृप्त हुंकार निघाला. तो पुरता बाहेर पडायच्या आत भिंगरीच्या आईचा फोन वाजला. ग्रुपवर नाटकाच्या बाई बोलत होत्या :

"सर्व पालकांना कळवण्यात येतं की, आपलं नाटक आंतरशालेय स्पर्धेसाठी निवडलं गेलं आहे. ग्रहण जसंच्या तसं ठेवायचं आहे. चंद्राने आज आला तसाच, चुकीच्या बाजूने यायचं आहे. घरी सराव करून घ्या."

लगेच ग्रुपवर सूर्याच्या आईचा प्रश्न आला : "चुकीची म्हणजे कुणाची चुकीची? नटाची की प्रेक्षकांची?"

भिंगरीच्या आईने फ्रीजकडे पाहिलं. मग कपाटाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

त्याने टीव्ही बंद केला आणि उठून सोफ्याचं एक टोक धरलं.